फुकट मिळालेल्या टी-शर्टचा पोत कोण पाहतो? : एका प्रतिक्रियेला उत्तर

कंपनीचे कर्मचारी आणि क्लायंट यांच्यासाठी लोगोचे कपडे कसे निवडावेत, या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आधी कापड, मग फिटिंग आणि सर्वांत शेवटी लोगो, असा क्रम मी त्यात सुचवला होता. कर्मचाऱ्यांचे कपडे आणि क्लायंटला द्यायची भेट या दोन स्वतंत्र खरेदी मानाव्यात, असेही म्हटले होते. त्यावर आपण लिहिता : “लेखिकेने कधी मोठी ऑर्डर दिलेली दिसत नाही. फुकट मिळालेल्या टी-शर्टचा पोत कोण पाहतो? लोगो लांबून दिसला की काम झाले. क्लायंटलाही तोच द्यावा, वेगळे चोचले कशाला?” याशिवाय सेंद्रिय कापूस हे थोतांड आहे, छपाईच्या नव्या पद्धतींचा लेखात पत्ता नाही आणि लेख उगाच लांबवला आहे, असेही आपले म्हणणे आहे.

मतभेदाचे मला वावडे नाही. पण ज्या व्यक्तीला आपण ओळखत नाही तिने आयुष्यात काय केले आणि काय केले नाही याचा निवाडा पहिल्याच वाक्यात देऊन टाकणे, याला मी टीका म्हणणार नाही. ‘चोचले’ हा शब्दही आपण विचार करून वापरला असेल असे मला वाटत नाही. आपल्याला माझे मुद्दे पटले नसतील तर ते का पटले नाहीत हे लिहायला पुरेशी जागा होती. ती जागा आपण माझ्याविषयी तर्क करण्यात घालवली.

आता तो विषय निघालाच आहे, तर सांगणे भाग आहे. होजिअरीच्या एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर मी माझ्या नोकरीची सुरुवात केली. शिवून आलेला प्रत्येक नग उलटा करून त्याच्या शिवणी ताणून पाहणे आणि सुटलेला टाका सापडला की तिथे खुणेची चिकटपट्टी लावणे, हे माझे काम होते. पुढे मी एका मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागात गेले आणि गणवेशापासून वार्षिक मेळाव्याच्या टी-शर्टपर्यंत सगळ्या कपड्यांच्या ऑर्डरी माझ्या सहीने निघू लागल्या. एका पुरवठादाराने मंजुरीसाठी दाखवलेला नमुना एका कापडाचा आणि प्रत्यक्षात आलेला माल त्याहून हलक्या कापडाचा, हा प्रकार मी स्वतः पकडलेला आहे. तो पकडता आला, कारण मंजूर नमुना सही करून सीलबंद ठेवलेला होता आणि दोन्ही कापडांचे वजन समोरासमोर करता आले. मोठी ऑर्डर म्हणजे काय हे मला ठाऊक आहे, आणि मूळ लेखातील सल्ला मी त्या कामातूनच दिला होता.

आपल्या प्रतिक्रियेतील ज्या वाक्याने मला खरोखर अस्वस्थ केले ते म्हणजे ‘फुकट मिळालेल्या टी-शर्टचा पोत कोण पाहतो?’ याचे उत्तर एका शब्दात देता येते : घालणारा. कपडा त्याच्या अंगावर असतो. तो फुकट आहे की विकत, हे त्याच्या मानेला, काखेला आणि घामाला कळत नाही. शिवाय कंपनीला तो फुकट मिळालेला नसतो. जो टी-शर्ट एकदा घालून कपाटाच्या तळाशी जातो किंवा फरशी पुसायच्या कामाला लागतो, त्यावर झालेला सगळा खर्च वाया गेला, आणि ज्या लोगोची आपल्याला इतकी काळजी आहे तो लोगोही कुणाला दिसला नाही. म्हणजे आपल्याच कसोटीवर पाहिले तरी पोत आधी येतो.

पोत म्हणजे केवळ जाडी, असा समज असतो, म्हणून थोडे तपशिलात जाते. कापडाचे वजन जीएसएममध्ये, म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम, असे मोजतात. साध्या विणीचा टी-शर्ट १४० ते १६० जीएसएमचा असला तर हलका, १८० ते २०० चा असला तर भरीव समजला जातो. कॉलरच्या पोलोसाठी वापरतात ते जाळीदार पोताचे पिके कापड साधारण २०० ते २४० च्या दरम्यान असते. पुरवठादाराने सांगितलेल्या आकड्यावर विसंबण्याची गरज नसते. १०० चौरस सेंटिमीटरचा गोल तुकडा कापणारे साधे कटर मिळते. तो तुकडा तोलून ग्रॅमच्या आकड्याला १०० ने गुणले की जीएसएम निघतो. तुकडा १.८ ग्रॅम भरला तर कापड १८० चे आहे. खरेदी करणाऱ्याने एवढे तरी करावे, असा माझा आग्रह आहे.

पण जाड कापड म्हणजे चांगले कापड, असेही नाही. आखूड तंतू विंचरून काढलेल्या, रिंग-स्पन (एकसारखा पीळ देऊन सावकाश कातलेल्या) सुताचे १६० चे कापड हे ओपन-एंड (वेगाने कातलेल्या, स्वस्त आणि खरखरीत) सुताच्या २०० च्या कापडापेक्षा अंगाला कितीतरी मऊ लागू शकते. बायोवॉश म्हणजे सेल्युलेज नावाच्या एन्झाइमने कापडावरची बारीक लव काढून टाकण्याची प्रक्रिया. ती नीट झाली असेल तर चार धुण्यांनंतर काखेत आणि पोटावर जे गोळे धरतात ते बरेच कमी होतात. आणि सर्वांत महत्त्वाचे, नमुना हातात आल्यावर त्याची घडी मोडून पाहत बसू नये, तो धुवावा. पाण्यातून काढून, वाळवून, पुन्हा धुवून मग सपाट टेबलावर पसरावा आणि बाजूची शिवण कुठे आली आहे ते पाहावे. एकेरी विणीच्या कापडात सुताचा पीळ नीट बसवलेला नसला की धुतल्यावर सगळा कपडा तिरपा फिरतो, काखेपासून सरळ खाली यायला हवी ती शिवण बेंबीच्या दिशेने सरकते आणि घालणारा दिवसभर टी-शर्ट ओढून सरळ करत राहतो. याच धुण्यात कपडा किती आटतो हेही कळते. सुती होजिअरी रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटते, आणि लांबीत ५ टक्क्यांहून जास्त आटणारा नमुना मी परत पाठवते, कारण हात वर केला की पोट उघडे पडणारा कपडा कुणी कामावर घालत नाही.

हे सगळे ‘कोण पाहतो’, असे आपण विचारता. महिला कर्मचाऱ्यांना विचारून पाहा. युनिसेक्स या नावाखाली पुरुषी मापाचा टी-शर्ट सर्वांना वाटला जातो, त्याच्या खांद्याची शिवण दंडावर उतरते, बाही कोपरापर्यंत येते आणि गळा मोठा होतो. मग कार्यक्रमाच्या दिवशी त्या तो कुर्त्यावर चढवतात, फोटो झाला की काढून ठेवतात, आणि ‘आमच्याकडे महिलांना कंपनीचा टी-शर्ट आवडत नाही’ असा निष्कर्ष वरच्या मजल्यावर निघतो. मी खरेदीत असताना सगळ्या मापांचा एक-एक नग कार्यालयात दोन दिवस टांगून ठेवत असे आणि प्रत्येकाने अंगाला लावून आपले माप लिहावे, असे सांगत असे. त्याला वेळ लागतो. पण उरलेल्या नगांचे गठ्ठे मग गोदामात पडून राहत नाहीत.

गणवेश असेल तर प्रश्न आणखी गंभीर होतो, कारण तिथे न घालण्याची मुभाच नसते. २०१६ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या कर्मचाऱ्यांना नवे गणवेश दिले आणि त्यानंतर अंगावर पुरळ येणे, डोके दुखणे अशा हजारो तक्रारी आल्या. दोष कपड्यातच होता का, यावर वाद झाला, चाचण्याही झाल्या. तरी २०१७ मध्ये कंपनीला पुरवठादार बदलण्याचा निर्णय जाहीर करावा लागला. ते गणवेशही आपल्या भाषेत ‘मिळालेले’च होते. जो माणूस दिवसाचे आठ-दहा तास एक कपडा अंगावर वागवतो, त्याने त्याविषयी बोलूच नये, ही अपेक्षा मला मान्य नाही. उन्हात हिंडणाऱ्याला आणि वातानुकूलित खोलीत बसणाऱ्याला एकच कापड चालत नाही. सुती तंतू आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा सहज धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून पॉलिएस्टर लवकर वाळते, पण त्याची वीण घट्ट असेल तर घाम अंगावरच राहतो. ज्वाळेजवळ किंवा वेल्डिंगजवळ काम करणाऱ्यांना तर पॉलिएस्टर देऊच नये, कारण ते सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळते आणि वितळलेले कापड कातडीला चिकटते. याला आपण चोचले म्हणणार असाल, तर आपल्या माझ्या बोलण्यात समान पायाच उरत नाही.

‘लोगो लांबून दिसला की काम झाले’ याविषयी. लोगो टिकतो की नाही, हे कापडच ठरवते. लाल पॉलिएस्टरवर पांढऱ्या शाईने छापलेला लोगो छापखान्यातून निघताना शुभ्र दिसतो आणि काही दिवसांनी गुलाबी पडतो. प्लॅस्टिसॉल, म्हणजे टी-शर्टच्या छपाईत वापरतात ती प्लॅस्टिकयुक्त शाई, पक्की करायला सुमारे १६० अंशांची उष्णता द्यावी लागते, त्या उष्णतेत पॉलिएस्टरमधला रंग मोकळा होतो आणि शाईत चढतो. त्यासाठी रंग अडवणारा खालचा थर आणि कमी तापमानाला पक्की होणारी शाई लागते. ऑर्डर देताना तसे सांगितले नाही, तर नंतर छापणाऱ्याशी भांडून काहीही हाती लागत नाही. एम्ब्रॉयडरीचेही तसेच आहे. पातळ टी-शर्टवर दाट टाक्यांचा मोठा लोगो घातला की भोवतालचे कापड चुरगळून गोळा होते, आणि कपडा उलटा केला तर आतल्या आधाराच्या कडक कापडाची कड छातीला घासत असते. पोलोच्या डाव्या छातीवर साडेतीन-चार इंच रुंदीचा लोगो पुरेसा असतो, आणि त्याखालचे घोषवाक्य ५ मिलिमीटरपेक्षा लहान अक्षरांत असेल तर ते गाळून टाकावे, कारण धाग्यात त्याची अक्षरे बुजतात. लांबून दिसायलाच हवा असेल, तर सुरक्षारक्षक आणि कार्यक्रमातील स्वयंसेवक यांच्या पाठीवर मोठी छपाई करावी. तिथे तिचा उपयोग आहे.

क्लायंटला तोच टी-शर्ट द्यावा, हे मला सर्वथा अमान्य आहे. कर्मचारी आपला आहे, त्याने आपले नाव मिरवणे समजू शकते. क्लायंट स्वतःच्या कंपनीत जातो. तिथे तो आपल्या छातीवर दुसऱ्या कंपनीचे नाव घेऊन बसणार नाही, हे समजायला फार अनुभव लागत नाही. पॅटागोनिया या कंपनीने २०२१ मध्ये आपल्या कपड्यांवर इतर कंपन्यांचे कायमचे लोगो घालणे बंद करत असल्याचे सांगितले. माणसे नोकरी बदलतात, लोगोचा कपडा दुसऱ्याला देता येत नाही आणि म्हणून चांगला कपडा लवकर बाद होतो, असे तिचे कारण होते. मी लोगो नकोच असे म्हणत नाही. क्लायंटच्या जॅकेटवर तो आतल्या बाजूला, गळ्याच्या पट्टीखाली किंवा बाहीच्या टोकाला, कापडाच्याच रंगाच्या धाग्यात असावा, एवढेच मी सुचवले होते. माप माहीत नसेल तर जॅकेटचा हट्ट सोडून मफलर किंवा शाल द्यावी. आणि देण्याआधी समोरच्या कंपनीत भेटवस्तू स्वीकारण्याचे काय नियम आहेत ते विचारावे. कित्येक ठिकाणी ठरावीक किमतीपुढची भेट परत करावी लागते आणि त्यात दोघांनाही अवघडल्यासारखे होते.

आपल्या एका मुद्द्यात तथ्य आहे, ते मोकळेपणाने मान्य करते. डीटीएफ छपाईचा उल्लेख लेखात यायला हवा होता. फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर उतरवण्याची ही पद्धत थोड्या नगांसाठी सोयीची आहे, बहुरंगी चित्रे तिच्यात चांगली येतात आणि सुती, पॉलिएस्टर दोन्हींवर ती चालते. मोठ्या भरीव चित्राचा थर मात्र अंगाला प्लॅस्टिकसारखा लागतो आणि त्यातून हवा खेळत नाही, म्हणून मी ती लहान लोगोपुरतीच वापरीन. तसा परिच्छेद मूळ लेखात जोडत आहे.

सेंद्रिय कापसाविषयी आपण एक शब्द फेकून मोकळे झाला आहात, त्यावर फार लिहीत नाही. जीओटीएस (ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड) या सेंद्रिय कापडाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रासाठी किमान ७० टक्के सेंद्रिय तंतू लागतो आणि प्रत्येक टप्प्यावर तपासणी होते. प्रमाणपत्राचा क्रमांक मागावा, तो पडताळून पाहावा, मग थोतांड काय आणि काय नाही ते ठरवावे. लेखाच्या लांबीबद्दल म्हणाल, तर तो ज्यांना ऑर्डर द्यायची आहे त्यांच्यासाठी लिहिला होता.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. आपण म्हणता तशा ऑर्डरी आपण दिल्या असतील, तर कोणते कापड घेतले, ते किती जीएसएमचे होते, धुतल्यावर किती आटले आणि वर्षभराने किती जण ते घालत होते, हे लिहा. माझ्या म्हणण्याच्या विरोधात गेले तरी ते मी लेखाखाली ठळकपणे ठेवीन. माझ्या अनुभवाविषयीचे आपले तर्क मात्र यापुढे प्रसिद्ध करणार नाही.