न घेतलेलं कर्ज कसं फेडावं

आपण कर्जबुडवे आहोत हे कळायला शाळेच्या स्टाफरूमसारखी दुसरी जागा नाही. मधली सुट्टी असते, सगळ्यांचे डबे उघडलेले असतात आणि ऑफिसातून शिपाईकाका दारात येऊन सांगतात, "बाई, फोन आहे. वसुलीवाले म्हणतायत." त्यानंतर भाजीला काही चव राहत नाही, पण ओळख मात्र होते. सगळ्या शाळेला.

मला हा मान नुकताच मिळाला. ज्या शहरात मी कधी पाऊल ठेवलेलं नाही तिथे मी एक लाख ऐंशी हजारांचं कर्ज काढलं, सुरुवातीचे हप्ते शहाण्यासारखे भरले, पुढचे चेक न वटता परत आले आणि मग मी फोन उचलेनाशी झाले. सगळं मीच केलं, फक्त मला न कळवता. हा अनुभव वाया जाऊ नये म्हणून चार गोष्टी सांगून ठेवते. तुमच्यावर वेळ आली की उपयोगी पडतील. येईलच. झेरॉक्स तुम्हीही देताच ना?

पहिली गोष्ट, फोनवरच्या माणसाशी वाद घालू नका. "मी कर्ज घेतलेलं नाही" हे वाक्य तो सकाळपासून ऐकत असतो. त्याचं उत्तर ठरलेलं आहे: "सब यही बोलते हैं, मॅडम." वेळेबद्दल तर अजिबात बोलू नका. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत, कर्जदाराच्या नातेवाइकांना आणि मित्रांना छळायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये लेखी बजावलंय. पण हे सगळं कर्जदारासाठी. तुम्ही कर्जच घेतलेलं नाही म्हणता, मग तुम्हाला ते कसं लागू होईल? मला पावणेसातला फोन येतो. कुकरची पहिली शिट्टी आणि तो, बहुतेक दोघे ठरवूनच येतात.

साताऱ्याच्या मामालाही फोन गेला. "तुमची भाची फरार आहे." मामाने मला फोन करून हळूच विचारलं, "बाळे, एवढी अडचण होती तर मला नाही का सांगायचं?" मामाला पटवायला कंपनीपेक्षा जास्त वेळ लागला. अजून पटलंय की नाही, देव जाणे.

आईला सांगू नका.

दुसरं, चोराबद्दल मनात आदर ठेवा. तो कायदा पाळणारा गृहस्थ असतो. डिजिटल कर्जाचे पैसे कर्जदाराच्याच बँक खात्यात जमा व्हावेत असा 2022 पासून नियम आहे. माझ्या चोराने तो तंतोतंत पाळला. आधी माझ्या नावाने खातं उघडलं, त्यावर चेकबुक घेतलं, मग कर्ज काढलं. बँकेने त्याची केवायसी केली, कर्ज कंपनीने पुन्हा केली. दोन्ही ठिकाणी तो मी म्हणून उत्तीर्ण झाला. त्याचा फोटो मी पाहिलाय. त्याला मिशा आहेत.

आपण सामान्य माणसं म्हणून असं होतं, असं वाटून घेऊ नका. मार्च 2023 मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली. तिने महेंद्रसिंग धोनी, अभिषेक बच्चन अशा मंडळींच्या नावाने पुण्यातल्याच एका कंपनीकडून क्रेडिट कार्डं काढली होती. पॅन नंबर कुठून मिळाले? जीएसटी क्रमांकातून. त्या पंधरा अक्षरांतली पहिली दोन राज्याची (आपलं 27) आणि पुढची दहा म्हणजे तुमचा पॅन. तो क्रमांक दुकानाच्या पाटीवर, बिलावर, सगळीकडे छापलेला असतो. जन्मतारीख इंटरनेटवर. मग पॅन कार्डावर धोनीचं नाव आणि स्वतःचा फोटो, की व्हिडिओ पडताळणीत चेहरा बरोबर जुळतो. ज्याचा चेहरा सगळा देश ओळखतो, त्याच्याही नावावर कार्ड निघू शकतं. मग तुमच्या-माझ्या मिशांचं काय घेऊन बसलात?

झेरॉक्सबद्दल सरकारी सल्ला हवा असेल तर तोही आहे. मे 2022 मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने लोकांना सांगितलं की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, शेवटचे चारच अंक दिसणारं आधार द्या. दोन दिवसांत तो सल्ला मागे घेतला, कारण त्याचा चुकीचा अर्थ निघू शकतो. आता अधिकृत धोरण असं की नेहमीची सावधगिरी बाळगा. नेहमीची म्हणजे सिम कार्डवाला, लॉजवाला, भाड्याचा एजंट, गॅसवाला आणि सोसायटीचा सेक्रेटरी यांना झेरॉक्स द्यायची आणि मग सावध राहायचं.

आता मुख्य विषय. तक्रार कशी करावी?

कंपनीला ईमेल करा. "आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे" असं उत्तर लगेच येईल, ते फ्रेम करून ठेवा, कारण नंतर बरेच दिवस काही येत नाही. मग यादी येते. माझी कागदपत्रं चोरीला गेली आहेत हे सिद्ध करण्यासाठी मी काय पाठवावं? पॅनची स्वसाक्षांकित प्रत. आधारची स्वसाक्षांकित प्रत, दोन्ही बाजू. पासपोर्ट साइज फोटो. तीन नमुना सह्या. पगाराची स्लिप. रद्द केलेला चेक. आणि हे सगळं एका पीडीएफमध्ये, तक्रार विभागाच्या अशा पत्त्यावर, ज्याच्या पलीकडे कोण बसलंय हे कंपनीलाही ठाऊक नसावं. म्हणजे चोराला जे जमवायला मेहनत पडली असेल ते मी नीट क्रमाने लावून, सहीनिशी, फुकट पोचवायचं. शिवाय नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र. त्यासाठी शंभराचा स्टॅम्प आणायला गेलात तर दुकानदार हसेल. 2024 च्या ऑक्टोबरपासून महाराष्ट्रात तो पाचशेचा झालाय. त्यावर मी लिहून द्यायचं की मी मीच आहे. तो म्हणजे मीच, हे चोराकडून कुणी कधी लिहून घेतलं? त्याला पाच मिनिटांत कर्ज मंजूर! जाहिरातच तशी आहे, 'पाच मिनिटांत, कागदपत्रांची कटकट नाही'. ती कटकट कुठे गेली होती ते आता कळलं. माझ्यासाठी राखून ठेवली होती. आणि सगळं पाठवून झाल्यावर फोन येतो, "मॅडम, आपल्या सह्या जुळत नाहीत." अहो, जुळणार कशा? तेच तर सांगतेय ना मी! सह्या जुळत नाहीत हाच माझा पुरावा आहे आणि तुम्ही तो माझ्याविरुद्ध नोंदवताय!

सह्यांवरून आठवलं. परत आलेल्या एका चेकवर बँकेचा शेरा होता, सही जुळत नाही. म्हणजे चोराला स्वतःच ठोकलेली माझी सही दुसऱ्यांदा तशी ठोकता आली नाही. मला वाटलं, सुटले. वसुलीवाल्याने समजावलं की तसं नसतं, मी मुद्दाम वेगळी सही केली. यात त्याचा अगदीच दोष नाही. मुद्दाम वेगळी सही करून चेक परत जायला लावणं हेही चेक न वटण्याच्या गुन्ह्याच्या कलम 138 खाली येऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये म्हटलेलं आहे. ते लबाड कर्जदारांसाठी होतं. पण लबाड कोण, हे ठरवायचं काम फोनवरच्या मुलाकडे.

वकिलाची नोटीस आली तर मात्र थट्टा बाजूला ठेवा. ती कपाटात टाकू नका. पंधरा दिवसांच्या आत लेखी उत्तर पाठवा, रजिस्टर्ड पोस्टाने, पोच घेऊन.

पोलीस ठाण्यात जाताना पाण्याची बाटली न्या. "हे आमच्या हद्दीत येत नाही, कर्ज जिथे घेतलं तिथे जा." मी म्हटलं, मी घेतलंच नाही. "मग तुमचा काय संबंध?" जुलै 2024 पासून नव्या कायद्यात हद्द न बघता गुन्हा नोंदवायची सोय स्पष्ट लिहिली आहे, दुसऱ्याची ओळख चोरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी खाली तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे, हे मी कागदावर लिहून नेलं होतं. हवालदारसाहेबांनी कागद वाचला, "शिक्षिका का?" असं विचारलं आणि अर्ज ठेवून घेतला. आवक शिक्का मिळाला. आजकाल मी तो शिक्का सगळ्यांना दाखवते.

आणि क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपण कोणती कर्जं घेतली आणि कशी फेडली याची नोंद. देशात असा रिपोर्ट ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत, सिबिल त्यांतली एक, आणि चारही ठिकाणी वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. चूक तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, असा नियम एप्रिल 2024 पासून आहे. तुम्ही तक्रार केली की क्रेडिट कंपनी कर्ज कंपनीला विचारते, "हे कर्ज यांचंच का?" कर्ज कंपनी म्हणते, "हो." झालं, चौकशी पूर्ण. दुरुस्त करण्यासारखं काही आढळलं नाही. शंभर रुपये वाचले.

बरं, आता पुरे.

कर्ज देणाऱ्यांनो, तुमच्याकडे चोरी झाली आहे. माझ्याकडे नाही. एक अनोळखी माणूस आला, त्याने तुम्हाला फसवलं, तुमचे पैसे घेऊन गेला. तुम्ही बघितलं नाहीत, कारण बघायला वेळ लागतो आणि तुम्हाला महिन्याचं टार्गेट होतं. नुकसान तुमचं आहे, ते तुमच्या वहीत लिहा. माझ्या नावाने लिहून माझ्या मामाकडून वसूल करू नका. बनावट सहीच्या चेकवर खातेदाराचे पैसे द्यायचा बँकेला अधिकारच नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये कॅनरा बँकेच्या खटल्यात सांगितलं. एका कंपनीच्या अकाउंटंटने बनावट सह्या करून 42 चेक वटवले होते. तेव्हाही बँक म्हणत होती की खातेदाराने आधी लक्ष का नाही दिलं? तेव्हाही ते चाललं नाही. तुमच्या दारात कोण येतं हे बघायला आम्ही बसायचं का? पगार तुम्ही घेता ना त्याचा?

आणि खोट्या सहीवर तुम्ही माझं नाव लावलंत. ते काढायचं काम तुमचं आहे, माझं नाही. ईमेलचं उत्तर तीस दिवसांत आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मी जाणार आहे. तिथे फी नाही आणि मानसिक त्रासाची भरपाई वेगळी मिळू शकते. त्यांच्या 14448 या हेल्पलाइनवर विचारून ठेवलंय. मला कंपनीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह पत्र हवं आहे, की हे कर्ज माझं नाही. त्याची एक प्रत चारही क्रेडिट कंपन्यांना, एक शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि एक साताऱ्याला, मामाच्या पत्त्यावर. रजिस्टर्ड पोस्टाने.