उत्तरेकडे डोकं केलं की रक्तातलं लोह ओढलं जातं का?

घरच्या, सोसायटीच्या आणि शाळासोबत्यांच्या ग्रुपवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, पण गाभा असा: पृथ्वी हे एक प्रचंड चुंबक आहे. माणसाचं डोकं हा उत्तर ध्रुव आणि पाय हा दक्षिण ध्रुव. उत्तरेकडे डोकं करून झोपलं की सारखे ध्रुव समोरासमोर येतात आणि एकमेकांना ढकलतात. शिवाय रक्तात लोह असतं, ते उत्तरेकडे खेचलं जाऊन मेंदूत साठतं, रक्तदाब वाढतो, झोपेत पक्षाघातही होऊ शकतो. आणि शेवटी, ‘हे आता विज्ञानानेही सिद्ध केलं आहे.’

झोपताना डोकं कुठे करावं हा ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीचा प्रश्न आहे. रीत म्हणून कुणी उत्तर टाळत असेल तर त्याला माझा काहीच आक्षेप नाही. आक्षेप आहे तो त्या रीतीला चिकटवलेल्या भौतिकशास्त्राला. मी चुंबकीय पातळ थरांवर काम करते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राएवढी आणि त्याहून कितीतरी क्षीण क्षेत्रं मोजणं हा आमचा रोजचा व्यवहार आहे. त्यामुळे या मजकुरातलं प्रत्येक वाक्य आकड्यांवर घासून बघता येतं, आणि तसं ते बघायलाच हवं.

‘डोकं उत्तर ध्रुव, पाय दक्षिण ध्रुव’

शरीराला असे ध्रुव नाहीत. हे मी अंदाजाने सांगत नाही, कारण शरीराचं चुंबकीय क्षेत्र माणसाने मोजलेलं आहे. 1963 मध्ये अमेरिकेत बाउल आणि मॅकफी या दोघांनी छातीसमोर प्रत्येकी सुमारे वीस लाख वेढ्यांची तारेची दोन वेटोळी ठेवून हृदयाचं क्षेत्र पहिल्यांदा नोंदवलं. हृदयाच्या स्नायूंतून जे विद्युतप्रवाह वाहतात त्यांतून हे क्षेत्र तयार होतं. छातीपाशी ते फार तर काही दहा पिकोटेस्ला भरतं (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक, पिकोटेस्ला त्याचा एक लाख कोटीवा भाग), म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा काही लाख पटींनी क्षीण. आणि त्याची दिशा प्रत्येक ठोक्यात बदलते. डोक्यापासून पायापर्यंत ताठ उभं राहिलेलं कायमचं चुंबक असं तिथे काही सापडत नाही.

मेंदूचं क्षेत्र त्याहूनही शंभरेक पट क्षीण. 1968 मध्ये डेव्हिड कोहेन यांनी ते दाखवलं, तेव्हा नुसत्या वेटोळ्यात येणारा संकेत गोंगाटात पूर्ण बुडालेला होता. त्यांनी डोक्यावरच्या इलेक्ट्रोडमधून मिळणारी अल्फा लय, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींची एक ठरावीक लय, संदर्भ म्हणून घेतली, तिच्या तालावर चुंबकीय नोंदीचे तुकडे एकमेकांवर बसवले आणि त्यांची सरासरी काढली. गोंगाट यादृच्छिक असतो, तो सरासरीत एकमेकाला खोडत जातो. तालाशी बांधलेला संकेत मात्र टिकतो. तुकड्यांची संख्या शंभर पट केली की गोंगाट दहा पटींनी खाली येतो. नंतर अतिक्षीण क्षेत्रं टिपणारे अतिवाहक स्क्विड संवेदक आले आणि हेच काम बाहेरची क्षेत्रं अडवणारं कवच लावलेल्या खोलीत नेमाने होऊ लागलं. आपल्याकडे कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात हृदयाची आणि मेंदूची चुंबकीय नोंद करणारी अशी यंत्रणा बांधलेली आहे. इतके कष्ट घेतल्यावर जे क्षेत्र जेमतेम दिसतं, ते पृथ्वीला ‘ढकलतं’ म्हणणं या सगळ्या मेहनतीकडे पाठ फिरवण्यासारखं आहे.

आणखी एक गोष्ट. होकायंत्राच्या सुईचं उत्तर टोक उत्तरेकडे वळतं, याचा अर्थ पृथ्वीच्या उत्तर भागात जो चुंबकीय ध्रुव आहे तो चुंबकाच्या दक्षिण ध्रुवासारखा वागतो. म्हणजे डोकं खरोखर उत्तर ध्रुव असतं, तर मजकुराच्याच तर्काने उत्तरेकडे डोकं करणं हीच सगळ्यात सुखाची स्थिती ठरली असती.

‘रक्तात लोह असतं, ते खेचलं जातं’

हा मुद्दा लोकांना सगळ्यात जास्त पटतो. लोखंड चुंबकाला चिकटतं हे आपण लहानपणापासून बघतो, आणि रक्तात लोह असतं हेही खरं. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण 3 ते 4 ग्रॅम लोह असतं आणि त्यातलं बरंचसं हिमोग्लोबिनमध्ये. पण खिळ्यातलं लोखंड चुंबकाला चिकटतं ते त्यातल्या अगणित अणूंची चुंबकत्वं एका दिशेला जुळून येतात म्हणून. हिमोग्लोबिनमध्ये लोहाचा एकेक अणू वेगळा, प्रथिनाच्या घडीत बांधलेला असतो. तिथे तसं जुळणं होतच नाही. मिठात सोडियम असतं म्हणून मीठ पाण्यात टाकल्यावर पेट घेत नाही, तसंच हे आहे.

लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कॉरिएल यांनी 1936 मध्येच रक्ताचं चुंबकत्व मोजलं होतं. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन प्रतिचुंबकीय निघालं, म्हणजे चुंबकापासून किंचित दूर सरणारं. ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन समचुंबकीय, म्हणजे किंचित ओढलं जाणारं. हे ‘किंचित’ किती, ते अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेच्या आकड्यांनी काढू. तिथे पृथ्वीचं क्षेत्र 43 मायक्रोटेस्लाच्या (टेस्लाच्या दहा लाखाव्या भागाला मायक्रोटेस्ला म्हणतात) आसपास आहे. या क्षेत्रात ऑक्सिजन सोडलेल्या एका तांबड्या पेशीची चुंबकीय ऊर्जा काढली, तर ती शरीराच्या तापमानाला रेणूंच्या धावपळीत जी ऊर्जा असते तिच्या साधारण वीस हजाराव्या भागाएवढी येते. पेशीला तिची चाहूलही लागत नाही.

त्यातही खेचलं जाण्यासाठी क्षेत्र असून भागत नाही, ते एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंत बदलावं लागतं. सगळीकडे सारखं असलेलं क्षेत्र सुईला वळवतं, पण ओढून नेत नाही. पृथ्वीचं क्षेत्र वर जाताना मीटरमागे नॅनोटेस्लाच्या (म्हणजे टेस्लाच्या अब्जाव्या भागाच्या) जेमतेम पन्नासाव्या भागाने बदलतं. आडव्या दिशेने त्याहूनही कमी. अशा क्षेत्रात त्या पेशीवर जे बल लागतं ते तिच्या वजनाच्या एक अब्जाव्या भागाच्याही एक अब्जाव्या भागाहून कमी आहे. झोपेत डोक्याकडच्या रक्तदाबावर खरोखर परिणाम करणारी गोष्ट हवी असेल तर ती उशी आहे: डोकं हृदयापेक्षा 10 सेंटीमीटर उंच गेलं की तिथला दाब पाऱ्याच्या 7-8 मिलिमीटरने कमी होतो. दिशेचा त्यात काही संबंध नाही.

याहून थेट पुरावा प्रत्येक मोठ्या गावात आहे. एमआरआयच्या बोगद्यात माणूस आडवा असतो आणि क्षेत्र डोक्यापासून पायांच्या रेषेत असतं, मजकुरात सांगितलेल्या मांडणीसारखंच. ताकद 1.5 किंवा 3 टेस्ला. 1.5 टेस्ला म्हणजे अलिबागच्या क्षेत्राच्या सुमारे 35 हजार पट. रोज असंख्य माणसं त्यात अर्धा अर्धा तास पडून राहतात, पक्षाघाताचे रुग्णसुद्धा. कुणाचं रक्त डोक्यात गोळा होत नाही.

चुंबकीय क्षेत्राचा रक्तावर एक खरा परिणाम मात्र एमआरआयमध्ये दिसतो, आणि तो मजकूर लिहिणाऱ्यांना ठाऊक नसतो. बोगद्यात असताना रुग्णाचा ईसीजी काढला तर त्यातली टी लहर फुगलेली दिसते. महाधमनीतून जोरात वाहणाऱ्या रक्तातले क्षारांचे आयन प्रबळ क्षेत्र ओलांडतात, त्यामुळे आडवं विद्युत विभवांतर तयार होतं आणि ते ईसीजीत मिसळतं. हृदय ठणठणीत असतं, बिघडते ती नोंद. हृदयाच्या तालावर चित्रं घेताना यंत्राला खरा ठोका आणि ही भेसळ वेगळी ओळखावी लागते, त्यासाठी संकेतविश्लेषणाच्या खास पद्धती वापरल्या जातात. यात लोहाची काहीच भूमिका नाही. खारं पाणी वाहतं ठेवलं तरी हाच परिणाम मिळतो.

‘पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र फार शक्तिशाली आहे’

पृथ्वी मोठी आहे, तिचं क्षेत्र जमिनीपाशी क्षीण आहे. फ्रिजच्या दारावरच्या साध्या चुंबकाच्या पृष्ठभागावर त्याच्या शंभर पट क्षेत्र सहज असतं.

आणि घरात ते पृथ्वीचं एकटीचं उरतही नाही. फोनमध्ये दिशा दाखवणारा संवेदक असतो. काही फोनमध्ये तो हॉल परिणामावर (चुंबकीय क्षेत्रात विद्युतप्रवाह एका बाजूला वळण्यावर) चालतो, काहींत चुंबकीय पातळ थरावर. निकेल आणि लोखंडाचा पर्मलॉय नावाचा मिश्रधातू निर्वात कक्षात काही दहा नॅनोमीटर जाडीत बसवला, की क्षेत्राची दिशा बदलल्यावर त्याचा विद्युतरोध दोन-तीन टक्क्यांनी बदलतो. हा परिणाम विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी 1850 च्या दशकातच पाहिला होता. एकावर एक बसवलेल्या थरांमध्ये विद्युतरोध याहून कितीतरी जास्त बदलतो हे 1988 मध्ये अल्बर्ट फर्ट आणि पीटर ग्रुनबर्ग यांनी वेगवेगळं शोधून काढलं, त्याबद्दल त्यांना 2007 चं नोबेल मिळालं. संवेदकाचे आकडे जसेच्या तसे दाखवणारी फायफॉक्ससारखी फुकट अॅप आहेत. फोन उशीवर ठेवा, मग हळूहळू पलंगाच्या लोखंडी पायाकडे, गोदरेजच्या कपाटाकडे, स्पीकरकडे न्या. आकडा झपाट्याने बदलतो आणि दिशाही फिरते. आमच्या प्रयोगशाळेत तर भिंतीपलीकडची लिफ्ट वरखाली झाली तरी आलेखाची रेघ सरकते. सिमेंटच्या घरात, सळ्यांच्या जाळीत, लोखंडी पलंगावर झोपलेल्या माणसासाठी ‘चुंबकीय उत्तर’ नेमकी कुठली, हे आधी मोजूनच ठरवावं लागेल.

हे मोजण्याची शिस्त महाराष्ट्राला नवी नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून नियमित चुंबकीय नोंदी होत होत्या. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, हे दिसताच नानाभॉय मूस यांनी काम अलिबागला हलवलं. 1904 ते 1906 दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला नीट जोडता यावी. तिथल्या इमारतीत लोखंड येणार नाही याची काळजी घेतली गेली. हा वारसा आज भारतीय भूचुंबकत्व संस्था सांभाळते. याच कुलाब्याच्या कागदांत सप्टेंबर 1859 च्या सौरवादळाची नोंद आहे. तेव्हा क्षितिजसमांतर घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लाने कोसळला होता. इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या नोंदवलेल्या चुंबकीय वादळात मुंबईतलं क्षेत्र बदललं ते चार टक्क्यांच्या आसपास.

‘विज्ञानाने सिद्ध केलं आहे’

कुणी, कधी, कसं, हे मजकुरात कधीच नसतं. पण या विषयावर गंभीर काम झालेलं आहे आणि ते लपवणं योग्य नाही. 1992 मध्ये जोसेफ किर्शविंक आणि सहकाऱ्यांनी मानवी मेंदूच्या ऊतींत मॅग्नेटाइट या लोहाच्या चुंबकीय खनिजाचे सूक्ष्म स्फटिक सापडल्याचं प्रसिद्ध केलं. मॅग्नेटाइट खरोखर चुंबकाला ओढलं जातं. पण ते ग्रॅममागे काही नॅनोग्रॅम इतकंच आहे आणि वाहत्या रक्तात नाही. त्यातलं काही हवेच्या प्रदूषणातून येत असावं, असं 2016 च्या एका अभ्यासाने दाखवलं.

2019 मध्ये किर्शविंक यांच्याच, अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठातल्या गटाने 34 जणांना कवच असलेल्या अंधाऱ्या खोलीत बसवून भोवतालच्या वेटोळ्यांनी पृथ्वीएवढ्या क्षेत्राची दिशा फिरवली. काहींच्या मेंदूतली अल्फा लय त्या क्षणी घटली. त्यांना स्वतःला काहीही जाणवलं नाही. प्रयोगाची रचना मला आवडते: वेटोळी दुहेरी गुंडाळलेली होती, त्यामुळे तेवढाच प्रवाह सोडूनही क्षेत्र शून्य ठेवून खोटी फेरी घेता येत होती. स्वतंत्र प्रयोगशाळांनी हे पुन्हा करून बघायला हवं. पण निष्कर्ष जसाच्या तसा मान्य केला, तरी तो जागेपणी, बसलेल्या माणसाबद्दल आणि फिरत्या क्षेत्राबद्दल आहे. झोप, रक्तदाब, पक्षाघात यांतलं काहीही त्यात नाही. झोपेचा दावा तपासायचा तर पलंग न हलवता वेटोळ्यांनी क्षेत्र उलटं करावं लागेल, आणि कुठल्या रात्री ते उलटं होतं हे झोपणाऱ्यालाही माहीत नसावं आणि नोंदी तपासणाऱ्यालाही.

‘म्हणून चुंबकीय गादी वापरा’

मजकुराच्या काही आवृत्त्या इथे येऊन थांबतात, आणि माझा राग इथेच आहे. रक्तातल्या लोहाचं हेच स्पष्टीकरण देऊन वयस्कर माणसांना हजारो रुपयांच्या गाद्या आणि पट्टे विकले जातात. गादीतल्या छोट्या चुंबकांचं क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात पडतं: अंतर दहा पट झालं की क्षेत्र हजाराव्या भागावर. चादर, कपडे आणि कातडी ओलांडेपर्यंत फारसं काही शिल्लक राहत नाही. रक्तदाबाची गोळी अशा गादीच्या भरवशावर कुणीही बंद करू नये.

एका माणसासाठी मात्र चुंबक जवळ असणं खरंच काळजीचं आहे: ज्याला पेसमेकर बसवला आहे. पेसमेकरपाशी साधारण 1 मिलीटेस्लाच्या वर क्षेत्र गेलं की तो मुद्दाम दिलेल्या ‘चुंबक स्थिती’त जाऊन ठोके ठरावीक गतीने देऊ लागू शकतो. त्यामुळे चुंबकीय गादी, छातीवरचा चुंबकीय पट्टा, किंवा शर्टाच्या खिशातला पाठीमागे चुंबक असलेला फोन, यांबाबत पेसमेकर असलेल्यांनी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारावं, आणि फोन निदान 15 सेंटीमीटर लांब ठेवावा.