समासातली पेन्सिल

गेल्या महिन्यात आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकानं जुन्या मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे फोटो टाकले आणि दोन दिवस नुसता राडा. एक मैत्रीण आहे, पुण्यात शिकवते, ती म्हणाली गोरा वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, कवटीच्या सिंहासनावर आणि भोवती काळी बुटकी माणसं, हे आता पोरांच्या हातात देऊ नका. झालं, कोल्हापुरात शिवाजी पेठेतला आमचा दोस्त, भावा, तापला, आमच्या लहानपणाला हात लावायचा नाही, ज्याला पटत नाही त्यानं वाचू नये, विषय कट. मी मधे पडलो, म्हटलं बंदी पण नको आणि आहे तसं पण नको, बाजूला टीपा लिहा की राव. लगेच उत्तर, "तू तिकडं ब्रुसेल्समधे वॉफल खा, हितलं आम्ही बघतो."

वॉफल मला आवडत पण नाही. पण हे भांडण मी इथं नऊ वर्षं ऐकतोय, नुसतं वेताळाच्या जागी टिनटिन, इथल्या कॉमिक्समधला बातमीदार पोरगा, आहे एवढंच. या शहरात भिंतीभिंतीवर कॉमिक्सची चित्रं, 1989 पासून कॉमिक्सचं म्युझियम, आणि त्याच टिनटिनचं काँगोवालं पुस्तक (काँगो तेव्हा बेल्जियमची वसाहत) म्हणजे घरातल्या दारुड्या चुलत्यासारखं, आहे पण पाहुण्यांसमोर विषय काढायचा नाही. 2007 मधे इथल्याच एका काँगोच्या विद्यार्थ्यानं केस घातली, 2012 मधे कोर्टानं बंदी नाकारली. निकालाचं मला तितकं काही वाटलं नाही, मजा वाटली ती फॅन लोकांची. 1931 ची काळीपांढरी आवृत्ती आणि 1946 ची रंगीत आवृत्ती शेजारीशेजारी ठेवून ही माणसं एकेक चौकट तपासत बसतात. एक पान तर मी विसरूच शकत नाही. पहिल्या आवृत्तीत टिनटिन मिशनच्या शाळेत काँगोच्या पोरांना सांगतोय, आज तुमच्या देशाबद्दल शिकू, बेल्जियमबद्दल. तुमचा देश म्हणे! 1946 मधे तीच शाळा, तोच मास्तर, पण तास गणिताचा. दोन चित्रं शेजारी लावली की भाषण ठोकायची गरजच उरत नाही, लपवालपवी आपोआप दिसते.

आता आपल्या भावाला हेच सांगायचं होतं, पण ग्रुपवर कोण ऐकतंय. तो ज्याला "ओरिजिनल" म्हणतो ते ओरिजिनल कधीच नव्हतं. टाइम्सवाल्यांनी 1964 मधे इंद्रजाल सुरू केलं. मूळ इंग्रजी स्ट्रिपमधे वेताळाच्या देशाचं नाव बेंगाली, ते आपल्याकडं डेंकाली झालं. सिंग नावाचे समुद्री चाचे होते त्यांचे सिंगा झाले. आणि वेताळाच्या बापाला मारणारा मूळचा रामा, त्याचा रामालू केला. खुनी माणसाचं नाव रामा कसं चालेल हो आपल्याकडं! म्हणजे भावना दुखावू नयेत याची काळजी तेव्हाच घेतली गेली होती, फक्त आपल्या भावनांची. आफ्रिकेतल्या माणसाच्या भावनांसाठी कुणी खोडरबर उचललं नाही. माझ्या मते वाद इथं आहे, पण इथपर्यंत पोचायला आधी कुणीतरी दोन्ही अंक समोर ठेवून टीप लिहायला पाहिजे.

बाहेर हे काम हौशी लोक कसं करतात ते बघितलं की थोडा जळफळाट होतो. टेक्सासमधला जेस नेव्हिन्स नावाचा एक लायब्ररियन, त्यानं ॲलन मूर या लेखकाच्या 'लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जंटलमेन' या कॉमिकमधला प्रत्येक कोपऱ्यातला माणूस, पाटी, बाटली कुठल्या जुन्या कादंबरीतनं आली ते शोधून इंटरनेटवर टाकलं, वाचकांनी चुका कळवल्या, भर घातली, आणि 2003 मधे त्याचं चक्क पुस्तक झालं. त्यात फाजीलपणा पण भरपूर असतो हे पण सांगतो, मागच्या दुकानाच्या पाटीवर पाचपाच ओळी लिहिणारे महाभाग आहेतच.

पण आपल्याला हे नवीन नाही. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती बघितलीय ना? निवेदक माईकवर पोराची तालीम सांगतो, वस्ताद सांगतो, आणि हात पडला की लगेच, हा घिस्सा, आता ढाक मारणार बघा. ज्याला डाव कळत नाही त्याला पण कळायला लागतो. टीप म्हणजे दुसरं काय असतं?

आणि आमच्या घरात तर टीपाकार होताच. मामा, शिरोलीच्या एमआयडीसीत जन्मभर टर्नर. त्याच्याकडं इंद्रजालचे अंक बाइंड करून ठेवलेले आणि समासात शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं. वाचनालयात इंग्रजी साप्ताहिकात तीच स्ट्रिप बघून यायचा आणि लिहायचा, "इंग्रजीत हे वाक्य नाही." "या माणसाचं नाव बदललं." एके ठिकाणी नुसतं, "हे खोटं." अर्धे गठ्ठे मामीनं रंगकामाच्या वेळी रद्दीत घातले, त्यावरनं दोघं आठवडाभर बोलत नव्हते.

तर हे सगळं मी ऑफिसात एका मैत्रिणीला मोठ्या उत्साहानं सांगितलं, तिचे आईवडील काँगोतल्या किन्शासाचे. ती सँडविच खात शांतपणे म्हणाली, "टीप तू वाचणार. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, तो चित्र बघणार." मला काही सुचलंच नाही. पुण्याची मैत्रीण पण खरं तर हेच सांगत होती आणि मी तिला उगाच बंदीवाली समजून बसलो. म्हणून आता मी थोडा मागं आलोय. सहा वर्षांच्या पोराला ते पुस्तक नकोच, माझ्या लेकीला पण मी अजून दिलेलं नाही. बाराव्या वर्षी द्यायचं, आणि टीप पुस्तकाच्या शेवटी बारीक टायपात नको, मामासारखी चित्राला खेटून पाहिजे, कुस्ती सुरू असताना निवेदन लागतं, मैदान रिकामं झाल्यावर नाही.

चित्राला खेटून म्हटलं की पॅनेल, म्हणजे कॉमिकची चौकट, छापणं आलं आणि तिथं वकील येतात. हॉलंडमधल्या टिनटिनच्या एका फॅन मंडळाला स्वतःच्या मासिकात पॅनेल छापल्याबद्दल कोर्टात खेचलं होतं. 2015 मधे हेगच्या कोर्टात मंडळ जिंकलं ते टिनटिनच्या चित्रकाराचा प्रकाशकाशी झालेला 1942 चा एक जुना करार निघाला म्हणून, पॅनेलचे हक्क केस घालणाऱ्यांकडं नव्हतेच! प्रत्येकाच्या नशिबात असला कागद नसतो. त्यामुळं आपल्याकडं कुणी सुरुवात केली तर आधी नुसता मजकूर लिहावा, पान आणि चौकट नंबर देऊन.

भावाचा राग आता उतरलाय. मामाचं घर त्याच्या गल्लीतच, त्याला म्हटलं उरलेल्या गठ्ठ्यांचे फोटो काढून पाठव, समास कापू नकोस. काल पहिला फोटो आला, वेताळाच्या गुहेचं पान, कडेला मामाचं शाळेतलं अक्षर: "डेंकाली ॲटलासमध्ये पाहिले. सापडले नाही. सरांना विचारणे." खाली भावाचा मेसेज, "सरांनी काय सांगितलं ते मामाला विचारतो, थांब."