त्या लिंबाच्या झाडापर्यंत

दोन महिन्यांपूर्वी घेतलेला इसार आज दुपारी ताईने माझ्यासमोर मोजून परत केला. जागा घेणारा तरुण सज्जन होता, एका शब्दानेही भांडला नाही. "ताई, तुमची काही चूक नाही, पण बँकेचे वकील नको म्हणतात," एवढेच बोलून त्याने पैसे मिळाल्याच्या कागदावर सही केली आणि ताईने पुढे केलेला चहा पिऊन तो गेला. तो भांडला असता तर मला बरे वाटले असते, कारण मग निदान कोणावर तरी रागावता आले असते. ते जमले नाही म्हणून इथे लिहायला बसलो आहे.

आमच्या आप्पांनी 1984 साली सांगलीत कृष्णा नदीच्या बाजूला सहा गुंठे जागा घेतली. अर्ध्या जागेवर आमचे घर आहे आणि उरलेली अर्धी त्यांनी ताईच्या नावावर करून दिली. ती जागा आजवर मोकळीच राहिली आणि तिचा कर ताईने एकही वर्ष न चुकवता भरला. जुन्या नकाशाप्रमाणे ही जागा निळ्या आणि लाल पूररेषेच्या मध्ये आहे, असे आम्हाला सांगण्यात आले होते. आता बँकेच्या वकिलांनी चौकशी केल्यावर ती नव्या नकाशात निळ्या रेषेच्या आत गेल्याचे कळले. हा बदल आम्हाला कोणी का कळवला नाही, असे मी एका कार्यालयात विचारले, तेव्हा "नकाशा प्रसिद्ध झालेला आहे" असे उत्तर मिळाले. तो कुठे प्रसिद्ध झाला आहे म्हणून पाहिले, तर त्याच कार्यालयाच्या भिंतीवर होता आणि त्याचा निम्मा भाग कपाटाच्या मागे गेलेला होता.

ज्यांच्या नशिबी नदीकाठ नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. साधारण 25 वर्षांतून एकदा येईल अशा पुराचे पाणी जिथवर पोहोचते ती निळी रेषा, आणि 100 वर्षांतून एकदा येईल अशा पुराची ती लाल रेषा. नदीकाठ आणि निळी रेषा यांच्यामधले क्षेत्र निषिद्ध असते. तिथे बाग करता येते, भाजीबाजार भरवता येतो, वाहनतळ करता येतो, पण नवे घर बांधता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधता येते, मात्र लाल रेषेच्या पातळीहून 0.45 मीटर उंचीवर. म्हणजे आमचे जुने, परवानगी घेऊन बांधलेले घर पाडून ना हरकत दाखल्याच्या आधारे पुन्हा उभारण्याची वाट नियमात कशीबशी आहे, परंतु शेजारच्या ताईच्या मोकळ्या जागेवर तिला एक खोलीही बांधता येणार नाही. चाळीस वर्षे बांधले नाही, ही तिची चूक ठरली.

आणि त्या "25 वर्षांतून एकदा" या शब्दांनी तर लोकांचे फार नुकसान केले आहे. एकदा पूर येऊन गेला की आता 25 वर्षे निवांत, असा त्याचा अर्थ घेतला जातो. खरा अर्थ असा की दर वर्षी असा पूर येण्याची शक्यता शंभरात चार इतकी असते, आणि गेल्या वर्षी तो येऊन गेला याचा यंदाच्या पावसाला पत्ताही नसतो. वीस वर्षांच्या गृहकर्जाचा हिशेब मांडला, तर त्या काळात एकदा तरी पाणी तिथवर येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त निघते. आमच्या आयर्विन पुलावर 45 फुटांना धोका पातळी आहे. 2005 साली पाणी 53 फुटांच्या पुढे गेले, 2019 च्या ऑगस्टमध्ये 57 फुटांच्या वर आणि 2021 मध्ये पुन्हा 55 फुटांच्या आसपास. सोळा वर्षांत तीन महापूर आम्ही याच डोळ्यांनी पाहिले, त्यामुळे बँकेच्या वकिलांचे चुकले असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

आप्पांच्या वेळी नकाशा नव्हता. जागा घेण्याआधी ते मला बरोबर घेऊन घाटावर गेले होते. सांगलवाडीच्या बाजूने होडी आणणारा एक म्हातारा नावाडी तिथे बसलेला असे. आप्पांनी त्याला तंबाखू दिली आणि विचारले, "बाबा, पाणी कुठवर येतं?" त्याने जागेवरून न उठता हात लांब केला आणि दूरचे एक लिंबाचे झाड दाखवले. "दरसाल न्हाई, पर येतं तवा त्या लिंबाच्या बुंध्याला लागतं. त्याच्या अलीकडं मळी हाय, मळी नदीची." मळी म्हणजे नदीकाठची गाळाची सखल जमीन. विकणाऱ्याकडे दोन जागा होत्या. लिंबाच्या अलीकडची स्वस्त होती, ती आप्पांनी सोडली, पलीकडची जास्त पैसे देऊन घेतली आणि घराचे जोते रस्त्यापासून तीन फूट उंच बांधले. "मास्तर घर बांधताहेत की देऊळ," असे म्हणून गल्ली हसली. 2005 साली पाणी आमच्या वरच्या पायरीला लागून थांबले, तेव्हा तीच गल्ली आमच्या ओटीवर येऊन बसली होती.

2019 ला मात्र ते जोतेही पुरले नाही. घरात साडेतीन फूट पाणी होते आणि नावाड्याच्या हाताने दाखवलेली रेषा किती तरी मागे राहिली होती.

नदी का फुगली यावर आमच्याकडे प्रत्येक कट्ट्यावर एकच विषय चालतो, तो म्हणजे कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची. ती 519.60 मीटरवरून 524.256 मीटरवर जाऊ नये यासाठी जे भांडतात त्यांच्याबरोबर मीही आहे. परंतु आपल्याच गावातल्या मळीच्या जमिनींमध्ये आणि ओढ्यांमध्ये रात्री मुरमाचे डंपर रिकामे होतात, तेव्हा हे कट्टे का गप्प बसतात? पाण्याची जागा मुरमाने भरली की ते पाणी शेजाऱ्याच्या दारात जाते, हे समजायला अभियंता असावे लागत नाही. ज्याने भराव घातला त्याची जागा उंच झाली, त्यावर इमारत उभी राहिली, सदनिका विकल्या गेल्या. आणि ज्या विधवा बाईने आपल्या जागेत एक पाटीही माती टाकली नाही तिच्या अंगणात निळी रेषा येऊन बसली. हा कोणता न्याय आहे? लिहितानाही हात थरथरतो आहे.

रेषा नकोच असे माझे म्हणणे नाही. ती हवी, हे मान्य करतो. 2021 च्या 22 जुलैच्या पुरानंतर चिपळूणचे लोक या रेषांविरुद्ध आंदोलनाला बसले, तेव्हा मला त्यांचा राग आला नव्हता आणि त्यांचे सगळे पटलेही नव्हते.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाही तर हे सगळे लिहिणे खोटे ठरेल. 2005 च्या पुरानंतर आमच्या गल्लीत सभा झाली होती. पूररेषा आली की जागांचे भाव पडतील, म्हणून ती नदीकडे सरकवावी, अशा अर्जावर सह्या घेतल्या जात होत्या. त्या अर्जावर माझी सही आहे. आप्पा तेव्हा हयात होते. त्यांनी सही केली नाही आणि मला रागावलेही नाहीत; "लिंबाचं झाड कुणाच्या अर्जानं सरकलं नसतं," एवढेच म्हणून ते आत गेले. ते झाडही आता नाही. तिथे भूखंडांची मांडणी पडली, गुंठ्यागुंठ्याने जागा विकल्या गेल्या, आणि गुंठेवारीच्या 2001 च्या कायद्याने अशी घरे नियमित होऊ लागली तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे वाटले. गरिबाला छप्पर मिळाले, ते चांगलेच झाले. त्या छपरावर किती पाणी येईल, हे मात्र त्याला कोणी सांगितले नाही.

माझा मुद्दा खरे तर एवढाच आहे. एखाद्याने पतसंस्थेचे लाखभर रुपये कर्ज घेतले, तर त्याचा बोजा सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात चढतो, आणि जागा घेणारा पहिल्यांदा तोच रकाना वाचतो. मग कृष्णामाईचा जो बोजा आहे, जो कधीही फिटणार नाही, तो त्याच रकान्यात का चढत नाही? रेषा आखली किंवा बदलली की त्या दिवशी प्रत्येक गटाच्या उताऱ्यावर आणि प्रत्येक मिळकत पत्रिकेवर तशी नोंद झाली पाहिजे आणि मालकाच्या घरी पत्र आले पाहिजे, त्यात पाणी किती फुटांवर येईल हेही लिहिले पाहिजे. सगळ्यांना भरपाई देणे सरकारला परवडणार नाही, हे मला कळते. पण एक नोंद करायला शाई किती लागते? आज मालकाला हे कळते कधी, तर तो विकायला, बांधायला किंवा कर्ज काढायला निघतो तेव्हा. चाळीस वर्षे कर घेताना मात्र ही जागा कोणत्याच रेषेत नव्हती.

ताई संध्याकाळी शांत होती. "आप्पांनी नावाड्याला विचारलं होतं, आपण कुणाला विचारायचं रे?" असे तिने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता ती देवापुढे दिवा लावायला उठली.

मघाशी त्या तरुणाला मी फोन केला. त्याला मनापासून सांगायचे होते की जागा घेशील ती बघून घे. तो उत्साहात होता. त्याला दुसरी जागा मिळाली आहे, ओढ्याच्या कडेच्या नव्या मांडणीत, आमच्यापेक्षा स्वस्त, आणि मुरूम टाकून छान सपाट केलेली. मी विचारले, तिथे पाणी कुठवर येते, कोणाला विचारलेस का? तो म्हणाला, "काका, तिथं रेषाच नाही. वकिलांनी बघितलंय."

2019 च्या ऑगस्टमध्ये त्याच जागेवरून मी बोटीतून गेलो आहे. हे त्याला सांगितले, तर पलीकडे तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग म्हणाला की इसार सकाळीच दिला आहे.