सुयांची पट्टी आणि तालमीतला नायटा

वादाला तोंड फोडलं वस्तादांनी. पावसाळा सरला तरी तालमीतल्या पोरांचे नायटे जाईनात. जांघेत, कमरेला, लंगोटाच्या पट्ट्याखाली. कुस्तीत अंगाला अंग घासणारच, त्यामुळे एकाचा सुकतो तोवर दुसऱ्याला उठतो. वस्तादांनी मोबाईलवर वाचलं होतं, की बारीक सुयांची पट्टी निघालीये. चिकटवली की सुया कातडीत विरघळतात, औषध आत जातं आणि दुखतही नाही. "कुठं मिळते सांगा, सगळ्या पोरांना आणतो."

अण्णांचं नारायण पेठेत औषधांचं दुकान. ते म्हणाले, "सुरकुत्यांसाठी हायलुरोनिक ॲसिडच्या तसल्या पट्ट्या विकतात, पण ते सौंदर्यप्रसाधन झालं. नायट्याच्या औषधाची पट्टी माझ्याकडे कधी आलेली नाही."

ताई फार्मसी शिकवते. तिने चहा बाजूला ठेवला आणि समजावून सांगायला घेतलं. कातडीचा सगळ्यात वरचा, मेलेल्या पेशींचा थर जेमतेम १० ते २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा, पण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं माप) जड रेणूला तो सहसा आत घेत नाही. बुरशीवरचं औषध ॲम्फोटेरिसिन बी ९२४ डाल्टनचं, त्यामुळे त्याचं मलम कितीही चोळलं तरी खोल पोचत नाही. या सुया अर्धा-पाऊण मिलिमीटर लांबीच्या. पाण्यात विरघळणारं पॉलिमर किंवा साखर आणि औषध यांचं द्रावण सिलिकोनच्या साच्यात ओततात, टोकापर्यंत उतरावं म्हणून सेंट्रिफ्यूज या गरगर फिरणाऱ्या यंत्रात फिरवतात, मग वाळवतात. कातडीतल्या ओलाव्याने सुई विरघळते, टोचणारं काही मागे उरत नाही.

"मग लावा की पोरांना!" वस्ताद म्हणाले.

"इथंच घोडं अडतं," ताई म्हणाली. "नायट्याची बुरशी त्या वरच्या मेलेल्या थरातच राहते, तिथलंच केराटिन नावाचं प्रथिन खाते. सुई तिला ओलांडून खाली औषध सोडणार. शिवाय नखाएवढ्या पट्टीत फार तर काही मिलिग्रॅम औषध मावतं, आणि तुमच्या पोरांच्या मांड्याच्या मांड्या भरल्यात."

मला हे बोलणं फार मोलाचं वाटलं. नवं तंत्र आलं की ते सगळ्यालाच लागू पडेल असं आपण धरून चालतो.

अण्णा मात्र वेगळ्याच गोष्टीवर चिडले होते. "नायटा चिवट झाला तो ट्यूबांमुळे. स्टेरॉईड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध, तिन्ही एकाच ट्यूबमध्ये. स्टेरॉईडने खाज लगेच थांबते, पोरगं औषध सोडतं आणि बुरशी पसरत जाते. २०१८ साली सरकारने स्टेरॉईडची १४ मलमं शेड्युल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. तरी लोक जुनी रिकामी ट्यूब घेऊन दुकानात येतात."

"आणि दुकानं देतात," वस्ताद म्हणाले. अण्णा नाही म्हणाले नाहीत.

टर्बिनाफिन या नायट्यावरच्या नेहमीच्या औषधाला दाद न देणारी बुरशी आता भारतभर आहे. तिला २०२० साली ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव मिळालं, आपल्या देशाचं नाव लावून. याचा मला मनापासून त्रास होतो.

पट्टी निकामी आहे, असं मात्र मी मुळीच म्हणणार नाही, आणि तिथे माझी नि अण्णांची जुंपली. राजस्थानात बिकानेरकडे वाळूमाशी चावून कातडीचा लिश्मानिया होतो, म्हणजे परजीवीमुळे उठणारे चिवट फोड. त्यात फोडाच्या कडेलाच इंजेक्शनं टोचतात, आणि ती प्रचंड दुखतात. लहान पोरांच्या गालावर हे करावं लागतं! जागा छोटी, रोग खोल, औषध जड रेणूचं. पट्टीचं खरं काम इथे आहे. अनेक अँटिबायोटिकना न जुमानणाऱ्या एमआरएसए जिवाणूंच्या चिकट थराने भरलेल्या जखमांवरही प्रयोग झालेत. अण्णा म्हणाले, "ते बहुतेक सगळे प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर. माणसावर काय?" हे त्यांचं खरं. पण गांबियात गोवर-रुबेलाच्या लशीची अशीच पट्टी तान्ह्या बाळांनाही लावून पाहिली, ती सुरक्षित ठरली आणि २०२४ मध्ये निष्कर्ष छापूनही आले. म्हणजे वाट खुली आहे.

ताईने मग पिंपरीची आठवण काढली. हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये तिथल्याच मातीतल्या जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीचं औषध सापडलं. त्या जिवाणूचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. ॲम्फोटेरिसिनच्याच घराण्यातलं ते औषध. "पुण्यात लस बनवणारे आहेत, पाषाणला पॉलिमरवाले आहेत. असल्या औषधाची पट्टी इथे व्हायला हवी."

"पैसा कोण घालणार? सुरकुत्यांच्या पट्टीत नफा आहे, बिकानेरच्या पोरात नाही," अण्णा म्हणाले. यावर आम्ही बराच वेळ भांडलो. सरकारने घालावा, हे माझं मत अजून तेच आहे.

"ते तुमचं चालू द्या," वस्ताद म्हणाले. "माझ्या पोरांचं काय?"

ताईने सांगितलं: त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचं, डाग दिसेनासा झाला तरी त्यांनी सांगेपर्यंत औषध सोडायचं नाही, प्रत्येकाचा लंगोट-टॉवेल वेगळा, कडक उन्हात वाळवलेला. आणि बरं होईपर्यंत कुस्ती बंद.

"जत्रांचे फड तोंडावर आलेत, ताई."

"तरी बंद."

वस्ताद बराच वेळ बोलले नाहीत. मग अण्णांना म्हणाले, "उद्या पोरांच्या पिशव्यांतल्या सगळ्या ट्यूबा गोळा करून आणतो. कुठल्यात स्टेरॉईड आहे ते तुम्ही बघून सांगा."