पगार, मुदत आणि जोडे: वॉशिंग्टनच्या पत्रांतली खरी अमेरिकन फौज

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाबद्दलचा एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याचा सारांश असा: शेतकऱ्यांनी घरातल्या बंदुका उचलल्या, पगाराची अपेक्षा न ठेवता निव्वळ देशप्रेमापोटी ते लढले, झाडाझुडपांआडून गनिमी काव्यानं त्यांनी ब्रिटिशांच्या कवायती पलटणी हरवल्या, आणि त्यांचा सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन तर खड्या फौजेच्या विरोधातच होता. शेवटी वॉशिंग्टनच्या नावावर एक वाक्य असतं: स्वतंत्र लोक सशस्त्र आणि शिस्तबद्ध तर हवेतच, शिवाय त्यांच्याकडे पुरेशी शस्त्रं हवीत, वेळ आली तर स्वतःच्या सरकारपासूनही बचाव करता यावा म्हणून.

वॉशिंग्टननं आठ वर्षं काँग्रेसला, म्हणजे बंडखोर वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेला, राज्यांच्या गव्हर्नरांना, मित्रांना आणि भावांना सतत पत्रं लिहिली. ती छापलेली आहेत आणि कुणालाही वाचता येतात. हा मजकूर त्या पत्रांपुढे टिकत नाही.

घरातल्या बंदुकांची गोष्ट १९ एप्रिल १७७५ या दिवसापुरती बरीचशी खरी आहे. लेक्सिंग्टन आणि काँकर्डच्या वाटेवर गावोगावचे मिलिशिया, म्हणजे गरजेपुरते बोलावले जाणारे गावकरी, ब्रिटिश तुकडीवर तुटून पडले. पण वॉशिंग्टननं ३ जुलैला केंब्रिजमध्ये सूत्रं हाती घेतली, तेव्हा त्याच्यापुढचा प्रश्न निराळा होता: ब्रिटिश फौज असलेल्या बोस्टनला घातलेला वेढा महिनोन्‌महिने टिकवायचा कसा? ऑगस्टच्या सुरुवातीला बंदुकीच्या दारूचा हिशेब झाला. आधी दाखवलेल्या आकड्यात वापरून संपलेली दारूही धरलेली होती. प्रत्यक्षात माणशी जेमतेम नऊ काडतुसं निघतील एवढीच शिल्लक होती. जनरल सलिव्हननं लिहून ठेवलंय की हे ऐकून वॉशिंग्टन अर्धा तास एक शब्दही बोलला नाही. फेब्रुवारी १७७६ मध्ये तो काँग्रेसला कळवतो की छावणीत जवळजवळ दोन हजार माणसांकडे बंदूकच नाही. पुढे दारू आणि बंदुकांचा फार मोठा भाग समुद्रापलीकडून, मुख्यतः फ्रान्समधून आला. घरातल्या बंदुकांवर आठ वर्षं निघणं शक्यच नव्हतं.

बंदुकांपेक्षाही मोठा घोर होता मुदतीचा. १७७५ च्या सैनिकांची भरती वर्षअखेरपर्यंतचीच होती. ४ जानेवारी १७७६ च्या पत्रात वॉशिंग्टन जे लिहितो त्याचा आशय असा: शत्रूच्या बंदुकीच्या टप्प्यात, दारूगोळ्याविना सहा महिने ठाण मांडायचं, आणि त्याच वेळी समोर वीसहून अधिक ब्रिटिश पलटणी असताना एक फौज घरी पाठवून दुसरी उभी करायची, असं इतिहासात कुठे घडलेलं सापडणार नाही. ब्रिटिशांनी त्या आठवड्यात हल्ला केला असता तर काय झालं असतं, याची कल्पना त्या पत्राच्या ओळीओळीत आहे.

तिकडे कॅनडात, ब्रिटिशांच्या ताब्यातल्या क्वेबेकवर अमेरिकन जनरल मंटगमेरीनं ३१ डिसेंबर १७७५ च्या पहाटे, बर्फाच्या वादळात हल्ला चढवला. बऱ्याच माणसांची मुदत त्याच दिवशी संपत होती, म्हणून त्याला थांबायला सवडच नव्हती. हल्ला फसला, मंटगमेरी मारला गेला. वॉशिंग्टन हेच उदाहरण देऊन काँग्रेसला बजावतो की अल्पमुदतीची भरती सेनापतीच्या हातून नको त्या वेळी नको ते करवून घेते.

आता ‘पगार नको, देशप्रेम पुरे’ हा दावा. मला यातला हाच भाग सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्यानं खऱ्या सैनिकांवर अन्याय होतो. १७७६ च्या सप्टेंबर अखेरीचं वॉशिंग्टनचं पत्र न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या टेकड्यांवरून काँग्रेसच्या अध्यक्षांना, जॉन हँकॉकना गेलेलं आहे. पार्श्वभूमी अशी: ऑगस्टअखेर लाँग आयलंडवर पराभव झालेला, त्यानंतर कनेक्टिकटचे मिलिशियावाले पलटणीच्या पलटणी घरी निघून गेलेले, आणि १५ सप्टेंबरला किप्स बे इथे ब्रिटिश उतरताच किनाऱ्यावरचे लोक खंदक सोडून पळालेले. वॉशिंग्टन म्हणतो, झोपेच्या वेळातले काही क्षण उसने घेऊन हे लिहितो आहे.

पत्रात तो सरळ माणसाच्या स्वभावाला हात घालतो. सैनिकाला ध्येयाचं महत्त्व पटवायला जा, तो शांतपणे ऐकून घेतो, मान्यही करतो, आणि म्हणतो की हे जितकं माझ्यासाठी महत्त्वाचं तितकंच इतरांसाठीही आहे. अधिकारीही तेच सांगतो, वर एवढं जोडतो की पगारात माझं भागत नाही, आणि सगळ्यांचा फायदा असताना देशापायी मी एकट्यानं स्वतःचं आणि कुटुंबाचं वाटोळं का करून घ्यावं? वॉशिंग्टन या माणसांना नावं ठेवत नाही. निःस्वार्थपणे लढणारे समुद्रातल्या थेंबाइतके असतात, असं सांगून तो मागण्या मांडतो: युद्ध संपेपर्यंतची भरती, चांगला बक्षिसी भत्ता, शंभर-दीडशे एकर जमीन, कपड्यांचा जोड आणि घोंगडी, अधिकाऱ्यांना पोट भरेल असा पगार. मिलिशियावर विसंबणं म्हणजे मोडक्या काठीवर भार टाकणं, हे त्याचं गाजलेलं वाक्य याच पत्रातलं. शपथेवर विचारलं तर मिलिशियाचा एकंदरीत उपयोगापेक्षा अपायच जास्त झाला असं सांगेन, असंही तो म्हणतो.

हे पत्र पोचण्याआधीच, १६ सप्टेंबरला, काँग्रेसनं ८८ बटालियन, वीस डॉलर बक्षिसी आणि शंभर एकर जमीन मंजूर केली होती. कागदावर फौज तयार झाली, प्रत्यक्षात २० डिसेंबरला वॉशिंग्टनला लिहावं लागलं की आणखी दहा दिवसांत आपली फौज अस्तित्वात राहणार नाही. ट्रेंटनचा विजय त्यानंतरच्याच आठवड्यातला. पण विजयानंतरही माणसं आणखी सहा आठवडे थांबावीत म्हणून माणशी दहा डॉलर कबूल करावे लागले.

पुढच्या वर्षीची व्हॅली फोर्जची हिवाळी छावणी तर सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिथलं २३ डिसेंबर १७७७ चं पत्र फार कमी जणांनी वाचलेलं असतं. रसद खात्यात मोठा बदल झाला नाही तर ही फौज उपाशी मरेल, मोडेल किंवा पांगेल, असं तो काँग्रेसला सांगतो. छावणीत २,८९८ माणसं पायात जोडे आणि अंगावर कपडे नाहीत म्हणून कामाला निरुपयोगी आहेत, असा नेमका आकडा देतो. पेनसिल्व्हेनियाच्या पुढाऱ्यांची तक्रार होती की फौज हिवाळी तळावर का गेली, लढत का नाही. ऊबदार खोलीत शेकोटीपाशी बसून निषेधाचे खलिते लिहिणं सोपं आहे, उघड्या टेकडीवर बर्फात पांघरुणाविना झोपणं तसं नाही, हे त्याचं उत्तर. अशा अवस्थेत जे टिकले त्यांत भूमिहीन, आयरिश आणि जर्मन स्थलांतरित, कृष्णवर्णीय असे कितीतरी जण होते. त्यांचा तुटपुंजा पगारही महिनोन्‌महिने थकत असे. मिळालाच तर तो अशा कागदी नोटांत, की गाडीभर पैशात गाडीभर धान्य येत नाही, असं वॉशिंग्टननं १७७९ मध्ये लिहिलं. १ जानेवारी १७८१ ला पेनसिल्व्हेनियाच्या पलटणींनी थकलेल्या पगारावरून आणि मुदतीवरून बंड केलं. ते फितूर झाले नाहीत, त्यांनी फक्त ठरलेलं मागितलं. ‘पगाराविना लढले’ म्हणून त्यांचं कौतुक करणं म्हणजे त्यांची फसवणूक गुणगानात झाकणं आहे.

गनिमी काव्याच्या मुद्द्यावर मराठी वाचक साहजिकच खूश होतो. त्याच वर्षांत, जानेवारी १७७९ मध्ये, मराठ्यांनी वडगावला कंपनीच्या फौजेला कोंडून तह करायला लावला होता. अमेरिकेतही दक्षिण कॅरोलायनात फ्रान्सिस मॅरियनसारखे लोक दलदलीतून छापे घालत होते. ८ सप्टेंबर १७७६ च्या पत्रात वॉशिंग्टन स्वतः म्हणतो की आपलं युद्ध बचावाचं असावं, सगळं एका लढाईत पणाला लावू नये. पण याचा हेतू फौज वाचवणं हा होता. तिच्या जागी छापामार टोळ्या नेमाव्यात असं त्यानं कुठेही सुचवलेलं नाही. उलट फेब्रुवारी १७७८ मध्ये प्रशियाचा फॉन श्टॉयबेन छावणीत आला, त्याला इंग्रजी फारसं येत नव्हतं, तरी त्यानं आधी एका निवडक तुकडीला आणि मग सगळ्या फौजेला कवायत, संगिनी आणि छावणीची स्वच्छता शिकवली. यॉर्कटाउनला तर खंदक खणत, तोफा पुढे सरकवत रीतसर वेढा दिला गेला. फ्रेंच पलटणी आणि आरमार नसतं तर तोही जमला नसता. तिथे १९ ऑक्टोबर १७८१ ला शरण आलेला कॉर्नवॉलिस पुढे गव्हर्नर-जनरल म्हणून इकडे आला आणि १७९२ मध्ये हरिपंत फडक्यांच्या मराठी फौजेसोबत श्रीरंगपट्टणापुढे उभा राहिला.

मिलिशिया कुचकामी होता असं मात्र मी म्हणणार नाही. वॉशिंग्टन पराभवाच्या धगीत लिहीत होता. बेनिंग्टनची लढाई मुख्यतः मिलिशियानं जिंकली. काउपेन्सला, जानेवारी १७८१ मध्ये, डॅनियल मॉर्गननं त्यांच्याकडून दोन-तीन फैरींचीच अपेक्षा ठेवली आणि मागे कसलेले सैनिक उभे केले. ती लढाई अमेरिकनांनी निर्विवाद जिंकली. मागे भक्कम फळी असली की गावकरीही भक्कम लढत.

खड्या फौजेला विरोध? मे १७८३ मध्ये काँग्रेसमधल्या अलेक्झांडर हॅमिल्टनच्या समितीनं विचारल्यावर वॉशिंग्टननं शांतताकाळाचा सविस्तर आराखडा दिला. मोठी खडी फौज स्वातंत्र्याला धोकादायक मानली जाते, हे तो मान्य करतो, आणि लगेच सांगतो की थोडं सैन्य सुरक्षितच नव्हे तर अत्यावश्यक आहे. आकडाही देतो: २,६३१ माणसं. सोबत शस्त्रागारं, लष्करी शिक्षण आणि देशभर एकाच पद्धतीनं तयार केलेला मिलिशिया. काँग्रेसनं जून १७८४ मध्ये जुन्या फौजेतले जेमतेम ऐंशी जण ठेवले, फोर्ट पिटला २५ आणि वेस्ट पॉइंटला ५५, तेही कोठारं राखायला. सरहद्दीसाठी राज्यांकडून वर्षभराची सातशे माणसं मागितली. नोव्हेंबर १७९१ मध्ये घाईनं गोळा केलेल्या सेंट क्लेअरच्या सैन्याचा सरहद्दीवरच्या मूळ रहिवाशांच्या जमातींनी धुव्वा उडवला, सहाशेहून अधिक मारले गेले. त्यानंतर कुठे नीट शिकवलेली फौज उभी करायला पैसे मिळाले.

राहिलं ते शेवटचं वाक्य. त्याचा आरंभ खरा आहे. ८ जानेवारी १७९० ला राष्ट्राध्यक्ष म्हणून काँग्रेसपुढे बोलताना वॉशिंग्टन म्हणाला की स्वतंत्र लोक नुसते सशस्त्र नकोत, शिस्तबद्धही हवेत. पुढचा सरकारविरुद्धचा भाग मागाहून कुणीतरी चिकटवलेला आहे. मूळ भाषणात त्या जागी दोन गोष्टी आहेत: यासाठी एकसारखी, नीट विचार केलेली योजना हवी, आणि युद्धसामग्रीसाठी दुसऱ्यांवर अवलंबून राहावं लागू नये म्हणून देशात कारखाने हवेत. ज्यांच्या ग्रुपवर हा मजकूर येईल त्यांनी निदान एवढी शेपटी तरी कापून टाकावी, कारण ती वॉशिंग्टनची नाही.