फोटोंची यादी नको, सिटी सर्व्हे नंबरांची हवी

सोलापुरातल्या जुन्या वास्तूंची यादी करायची म्हटलं की पहिली चार नावं कुणीही झोपेत सांगेल. भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर मंदिर, इंद्रभुवन, जुनी मिल. ती यादीत असायलाच हवीत, पण त्यांच्यासाठी सर्वेक्षण लागत नाही. किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे, मंदिराला पंच कमिटी आहे, अप्पासाहेब वारदांनी बांधलेल्या इंद्रभुवनात तर महापालिकाच बसते. सर्वेक्षण लागतं ते कसब्यातल्या एखाद्या तीन खणी माळवदाच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या घराला. ते राहणार की जाणार हे बांधकाम परवान्याच्या टेबलावर दहा मिनिटांत ठरतं, आणि त्या टेबलावर सुंदर फोटो चालत नाही. सिटी सर्व्हे नंबर, म्हणजे सरकारी मोजणीतला मिळकतीचा क्रमांक चालतो.

हौशी याद्या इथेच मार खातात. ‘बाळीवेशीजवळचा जुना वाडा’ अशी नोंद असते, फोटो छान असतो, खाली दोनशे लाइक्स. उद्या पाडकामाचा अर्ज आला तर तो याच वाड्याचा, हे कारकुनाने ओळखायचं कसं? मोबाइलचं लोकेशन अरुंद बोळात पाच-दहा मीटर सहज सरकतं, म्हणजे नोंद शेजारच्या घरावर जाऊन बसते. त्यात भावाभावांच्या वाटण्या. बाहेरून एकच दिसणाऱ्या वाड्याची आत चार-पाच प्रॉपर्टी कार्डं असतात. चौघांपैकी एकाने आपला वाटा पाडला की मधली सामाईक भिंत उघडी पडते, तिच्यावर टेकलेल्या दुसऱ्याच्या तुळया सैल होतात, आणि दोन पावसाळ्यांत उरलेला वाडा ‘आपोआप’ धोकादायक ठरतो. म्हणून सर्वेक्षणाच्या फॉर्मवर एक रकाना ठळक हवा: कोणती भिंत कुणाशी सामाईक आहे.

म्हणून काम रस्त्यावर नाही, कागदावर सुरू करावं. आधी एका पेठेचे सिटी सर्व्हेचे नकाशे घ्यायचे, मग कर विभागातल्या जुन्या आकारणी नोंदी. नकाशावर प्रत्येक मिळकतीला नंबर असतोच, आपला नवा क्रमांक शोधत बसू नये. मग पायी फिरायचं, रस्त्याची एक बाजू संपवून मगच दुसरी. दोघांची जोडी पुरते, एक मोजणारा आणि एक लिहिणारा. पहिल्या फेरीत घराला वीसेक मिनिटं द्यावीत, दिवसाला बारा-पंधरा घरं झाली तरी खूप. दिवसाला चाळीस घरं उरकणाऱ्यांचे फॉर्म चाळून बघा, सगळीकडे ‘स्थिती: मध्यम’ असतं.

विणकरांच्या पूर्व भागात जोडीतल्या एकाला तेलुगू यायलाच हवी, कसब्याकडे कन्नड उपयोगी पडते. नुसतं मराठीत विचारलं तर ‘घर किती जुनं?’ याला ‘शंभर वर्षं’ हेच उत्तर सगळीकडे मिळतं. त्याऐवजी माग कधी बसला, वीज कधी आली, वरचा मजला कुणी चढवला, हे विचारावं.

फोटो पाच पुरेत. दर्शनी बाजू सरळ समोरून, दोन्ही कोपऱ्यांतून एकेक, शेजारच्या घरांसह रस्ता, आणि एखादा बारकावा. पूर्वेकडे तोंड असलेली घरं सकाळी आणि पश्चिमेकडची दुपारनंतर, नाहीतर ढेळजेतलं नक्षीकाम काळं ठिक्कर येतं. फोटोत मोजपट्टी उभी धरावी.

खरं काम त्यानंतरचं, म्हणजे घर कशाचं आहे ते ओळखणं. सोलापूरचा पाऊस वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर, उन्हाळा चाळिशीपार. त्यामुळे इथलं जुनं घर माळवदाचं: काळ्या दगडाच्या जाड भिंती, सागवानी खांब, त्यावर तुळया आणि कडीपाट, वर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाला याच्यासारखं छप्पर नाही. पण गळायला लागलं की दर मृगाआधी वर नवी माती टाकायची सवय, आणि खालची काढायची कुणी नाही. हिशोब करा. शंभर चौरस फुटांच्या खोलीवर अर्धा फूट जादा माती म्हणजे पन्नास घनफूट, भिजली की अडीच टनांच्या आसपास. त्याच वेळी तुळईचं भिंतीत गाडलेलं टोक वाळवीने आणि ओलीने आतून पोकळ झालेलं असतं. खोलीच्या मधोमध तुळई ठणठणीत दिसते म्हणून फसू नये. भिंतीपासून हातभर अंतरात लाकडी हातोडीने ठोकावं, बद्द आवाज आला तर पेचकस टोचून पाहावा. माळवदाची जाडी झरोक्याच्या काठावर मोजता येते. पन्हाळी तुंबलेल्या आहेत का, हे पाहायला वर चढावंच लागतं, पण मालकाला विचारून, आणि पाय तुळईच्या रेषेवर ठेवून.

भिंतीला ओळंबा लावा. या भिंतींना बाहेरचा आणि आतला असे दोन पदर असतात, मध्ये दगडमातीची भर. पाणी आत शिरलं की भर खाली बसते आणि बाहेरचा पदर फुगतो. गवंडी म्हणतात, भिंतीला पोट आलं. कोपऱ्यातली उभी भेग म्हणजे दोन भिंती एकमेकींपासून सुटल्या, तिरकी भेग म्हणजे बहुधा पाया खचला. भेगेच्या टोकाशी पेन्सिलने रेघ मारून तारीख घाला. पुढच्या वर्षी भेग रेघेपुढे गेली असेल तर ती जिवंत आहे. पैसा न लागणारी ही चाचणी बहुतेक फॉर्मांत नसते.

दोन दुखणी आपणच लावून घेतलेली आहेत. एक, सिमेंटचा गिलावा. माती-चुन्याची भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते. तिला खालून चार फूट सिमेंट फासलं की ओल तिथून बाहेर पडू शकत नाही, वर चढते, आणि गिलाव्याच्या वर पांढरा लोणा फुटतो. मालक मग सिमेंट आणखी दोन फूट वाढवतो. दोन, रस्ता. जुना न खरवडता दरवेळी वर नवा थर टाकल्याने जोती बुडाली. रस्त्यापासून जोत्याची उंची प्रत्येक घराला मोजावी. एका गल्लीतली वीस घरांची ही मापं शेजारी-शेजारी मांडली, की गल्लीतली ओल कुठून येते ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

गिरणी काळातल्या इमारतींचं दुखणं वेगळं. जुनी मिल १८७७ ची, तिच्यामागून आलेल्या गिरण्या, चाळी आणि पेढ्यांमध्ये लोखंडी गर्डर आणि त्यांच्यामध्ये विटांच्या बुटक्या कमानी अशी छतं दिसतात. लोखंड गंजलं की फुगतं आणि कमान ढिली करतं. गर्डरवर कारखान्याचं नाव उठवलेलं असेल तर त्याचा फोटो घ्यावा, काळ ठरवायला तो फार कामाचा.

जतनाचं मोल ठरवताना नक्षीच्या मागे लागू नये. भैय्या चौकातलं डॉ. कोटणीसांचं घर वास्तुकलेसाठी जपलेलं नाही. १९३० च्या मार्शल लॉशी जोडलेल्या जागांचंही तेच. पूर्व भागातलं खड्डामागाचं (जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायच्या मागाचं) घर बाहेरून काहीच दिसत नाही, पण आतला खड्डा, उजेडासाठी मागाच्या बाजूला काढलेली खिडकी, सूत ताणायला सोडलेली लांब जागा, हे पाहिलं की घराचा आराखडा कशातून आला ते कळतं. माझ्या मते अशी दहा घरं सुटली तर ती यादी सोलापूरची नाहीच. सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांचंही पाहा. सिद्धेश्वर यात्रेत यण्णीमज्जनाच्या दिवशी त्या सगळ्यांना तैलाभिषेक होतो, म्हणजे गावाची एक यादी वर्षातून एकदा पायांनी तपासली जाते. पण किती लिंगांभोवतीचा जुना दगड टाइल्सखाली गेला, याची नोंद आपल्याला वेगळी करावी लागेल.

वारसा श्रेणी देताना हात आखडता ठेवावा. पहिल्या श्रेणीत बदलाला जवळपास वाव नसतो, दुसरीत आतले बदल आणि नवा वापर चालतो, तिसरी रस्त्याच्या एकूण रूपासाठी असते. साध्या घराला भावनेच्या भरात वरची श्रेणी दिली की मालक हरकत घेतो, आणि सुनावणीत पुरी गल्ली निसटते. लोकांची भीती खोटी नाही. ‘घर सरकारजमा होणार’ असं वाटतं, कारण किल्ल्याजवळच्यांनी बांधकामावरच्या बंधनांचा अनुभव घेतला आहे. केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित, पुढचे २०० मीटर नियंत्रित. १६ जून १९९२ च्या आधीच्या घरांना तिथे दुरुस्तीची परवानगी मागता येते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. फॉर्म भरणाऱ्याने हे दारातच सांगावं.

आणि एक आग्रह. पावसाळ्याआधी धोकादायक घरांना महापालिका कायद्याच्या कलम २६४ च्या नोटिसा निघतात. त्याआधी होणारी तपासणी काँक्रीटच्या सवयीने होते. रिबाउंड हॅमर (ठोका मारून मजबुती मोजणारं यंत्र) काँक्रीटसाठी आहे, मातीत रचलेल्या दगडी भिंतीवर मारून आलेल्या आकड्याला काही अर्थ नाही. सर्वेक्षणाची यादी नगररचना, कर आणि धोकादायक इमारती पाहणारा विभाग, तिन्हींकडे त्याच सिटी सर्व्हे नंबराने गेली, तर निदान नोटीस काढण्याआधी दगड-लाकूड कळणारा माणूस पाठवता येईल. घर खरंच पडायला आलं असेल तर ते उतरवावंच, पण आधी मापं आणि फोटो घ्यावेत. तुळया तर भंगारबाजारात जाणारच, जुन्या सागवानाला गिऱ्हाईक कधी कमी नसतं.

सुरुवात उत्तर कसब्यातून करावी, हिरेहब्बू वाड्याच्या आसपासच्या दोन-तीन गल्ल्या. पहिली फेरी दिवाळीनंतर, उजेडासाठी. दुसरी भर श्रावणात, ओल पाहायला. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या आठवड्यात जाऊ नये, मालक घरी भेटतात, पण फॉर्म कुणी भरू देत नाही.